उन्हाची पुडी

माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त उच्चारलेले शब्द म्हणजे 'हलू नका'. घरच्यांना याची फार गंमत वाटायची, कारण मला स्वतःला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर सासूबाईही तेच म्हणाल्या, फक्त सूर वेगळा होता. आता हे लिहायला बसले आहे तरी मध्येच उठून गॅस बंद आहे का बघून आले, कुंडीतली वाळकी पानं काढली, परत बसले. अशा बाईच्या वाट्याला काम कुठलं यावं, तर लोकांना पलंगावर आडवं करून, डोक्याला तारा चिकटवून, 'डोळे मिटा, अंग सैल सोडा, हलू नका' असं सांगण्याचं.

जालन्यातल्या एका लहान दवाखान्यात मी ईईजीचं मशीन चालवत होते. जिल्हा नवा झाला तेव्हा मी शाळेत होते. पुढे औरंगाबादला जाऊन हे काम शिकले आणि लग्न होऊन परत गावातच आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते. डोक्याला लावलेल्या तारा ती टिपतात, मशीन ती मोठी करतं आणि शाईच्या बारीक पेना सरकत्या कागदावर तिच्या रेघा ओढत जातात. नंतर संगणक आला आणि शाई गेली. पण माझे बहुतेक दिवस त्या पेनांच्या खरखरीत आणि बोटांना निळे डाग घेऊनच गेले. मशीन वीज घेतं, देत नाही, हे मी रोज सांगत असे. रोज कोणीतरी निरोप घेतल्यासारखं नातेवाइकांकडे बघतच आत येत असे.

लोकांना वाटायचं की मशीन मनातलं वाचतं. जाफराबादकडचे एक मास्तर तारा लावल्याबरोबर मोठ्याने पाढे म्हणायला लागले. मी थांबवलं तर म्हणाले, मॅडम, नको ते विचार कागदावर यायला नकोत. गावातल्याच मस्तगड भागातल्या एका सासूबाईंनी सुनेला फिट येतात म्हणून आणलं होतं. सून आत पडलेली, आणि या मला दाराआड घेऊन म्हणाल्या की ही खरं बोलते की ढोंग करते तेवढं कागदावर काढून द्या. हे मशीन तसलं नाही म्हटल्यावर त्यांनी मशीनकडे असं पाहिलं की मलाच शरम वाटली.

सगळ्यात मोठं भांडण मात्र तेलाचं. डोक्याची तपासणी आहे म्हटलं की आमच्याकडची माणसं आदल्या दिवशी रोग्याच्या डोक्यावर तेल थापायची. मेंदू थंड राहतो, आणि डॉक्टरांकडे जाताना केस चापूनचोपून बसवलेले बरे, असा त्यामागचा दुहेरी विचार. तेलावर तारेची पेस्ट चिकटत नाही. मग मी रोग्याला मागच्या मोरीत न्यायची, साबण लावून डोकं धुवायची. नळाला पाणी कधी येईल हे तेव्हा जालन्यात कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. ड्रममधलं पाणी मी केस धुण्यात घालवते म्हणून आमचा वॉचमन माझ्याशी आठवडा-आठवडा बोलत नसे.

या कामातली खरी डोकेदुखी मात्र पाणी नव्हती. मशीन भोळं असतं. त्याला मेंदूची वीज हवी असते, पण रोग्याने दात आवळले, पापणी मिटली, उशीवर डोकं जरा घासलं, तरी तेही रेघेत येऊन बसतं. ही रेघ मेंदूची आणि ही जबड्याची, हे ओळखायचं म्हणजे माझं काम. आणि कंपवाताचा रोगी आला की माझी पंचाईत व्हायची. हात थरथरतो, तो पलंग थरथरवतो, डोकं हलकंसं डुलतं आणि कागदावर एक छान तालबद्ध लाट उमटते. नवख्या माणसाला वाटावं, वा, मेंदूची काय लय आहे. ती असते हाताची.

दर गुरुवारी औरंगाबादहून मेंदूचे डॉक्टर यायचे. लोक त्यांना गुरुवारचे डॉक्टर म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. उंच, किडकिडीत, आणि माझ्याइतकेच अस्वस्थ. रोग्याशी बोलताना खुर्ची सोडून खिडकीपाशी जायचे, परत यायचे. आमचं पटलं ते त्यामुळेच असावं. त्यांच्या डोक्यात त्या काळात एक किडा वळवळत होता. कंपवाताच्या रोग्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडतं, असं त्यांच्या वाचनात येत होतं. हे जीवनसत्त्व अंगावर ऊन पडलं की शरीर स्वतःच तयार करतं. हाडांसाठी ते लागतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मेंदूलाही ते लागतं का? बाहेरून दिलं तर मेंदूच्या कामात फरक दिसेल का?

त्यांनी मला हे चहाच्या कपावर समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी एक रसायन बनवतात, त्याच्या जोरावर आपण हवं तेव्हा हलतो आणि हवं तेव्हा थांबतो. त्या पेशी मरत गेल्या की हात थरथरतो, अंग ताठरतं, चालताना पाय घासतात, चेहरा गोठतो. हा कंपवात. डोळे मिटल्यावर निरोगी माणसाच्या मेंदूत मागच्या बाजूला एक लय उठते, ती कंपवातात काही जणांची मंदावते. म्हणून त्यांच्या मनात होतं की ज्या रोग्याच्या रक्तात ड कमी आहे त्याची रेघ आधी काढायची, काही आठवडे ड जीवनसत्त्वाच्या पुड्या द्यायच्या, परत रेघ काढायची. ते काही मोठं संशोधन वगैरे नव्हतं. एका डॉक्टरचं कुतूहल होतं, आणि ज्याला विचारायचं त्याला सगळं स्पष्ट सांगून, त्याचा होकार घेऊनच ते चालायचं. 'फायदा होईलच असं नाही,' हे ते आधीच सांगून टाकत. रोगी त्यातलं 'फायदा' तेवढं ऐकत.

कौसाबाई आली ती पेरणीच्या आधी. बरोबर मुलगा भागवत आणि सून मंदा. जाफराबादच्या पुढचं गाव. तेलाचा तर अभिषेक झाला होता. मी तिला मोरीत नेलं, डोकं धुता धुता हात पाहिला. उजवा हात मांडीवर ठेवला होता आणि अंगठा बोटांवर सारखा फिरत होता, गोळी वळत असल्यासारखा. हे कंपवाताचं लक्षण मला पाठ होतं. मला वेगळं दिसलं ते दुसरंच. हाताला जुने घट्टे होते, नखांच्या कडा शेतातल्या बाईच्या होत्या, पण कातडी पांढुरकी पडली होती. कोंडून ठेवलेल्या रोपासारखी.

डॉक्टरांनीही तेच पाहिलं. उन्हात कधी गेलात, असं विचारलं तर भागवत फरशीकडे बघायला लागला. कौसाबाईचा चेहरा आजाराने गोठलेला, आवाज खोल गेलेला, पण बोलली ती ठासून. 'दोन पावसाळे झाले, साहेब. मधल्या खोलीत असते मी. मव्हा जलम उनात गेला, अन् आता मला उंबरा दिसत न्हाई.'

मग ते कारण बाहेर आलं, आणि ते समजून घ्यायला आमच्याकडचं एक काम समजून घ्यावं लागेल. आमच्या जिल्ह्यात बियाण्यांचे प्लॉट घेतात. कापसाच्या संकरित बियाण्यासाठी एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचा परागकण हाताने लावतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखाने तिची पाकळी आणि आतला पराग सोलून काढायचा, मधल्या नाजूक दांडीला ओरखडा येऊ द्यायचा नाही, आणि खूण म्हणून लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल तोडून आणायचं आणि त्या दांडीवर हळूच फिरवायचं. सोलताना पराग मागे राहिला तर बी भेसळीचं होतं, आणि तपासणीत भेसळ निघाली की अख्खा प्लॉट नापास. कंपनी आणि शेतकरी यांच्यामधला माणूस म्हणजे ऑर्गनायझर. प्लॉट कुणाला द्यायचा आणि कुणाचा काढायचा, हे त्याच्या हातात.

कौसाबाई त्या भागातल्या क्रॉसिंग करणाऱ्या बायांची म्होरकी होती. तिचा हात लागलेला प्लॉट नापास होत नाही, असं म्हणायचे. भागवतला प्लॉट मिळाला होता तो आईच्या हाताच्या भरवशावर. आणि तोच हात थरथरायला लागला. ऑर्गनायझरला दिसलं तर प्लॉट जाईल, म्हणून आईला मधल्या खोलीत ठेवलं. कुणी विचारलं तर, आई लेकीकडे गेली. भागवत वाईट माणूस नव्हता. आईला तो रोज स्वतः उचलून बसवत होता. त्याने तिच्यासाठी नवी गादी केली होती. अंधारात, पण नवी.

मी तारा लावल्या आणि माझं ठरलेलं सुरू केलं. डोळे मिटा, अंग सैल सोडा, हलू नका. हात थरथरायला लागला. पेना नाचायला लागल्या. मी हाताखाली उशी दिली, वर पांघरूण टाकलं, माझा हात ठेवून पाहिला. काही उपयोग नाही. माझा आवाज चढला असावा, कारण मिटलेल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, 'बाई, ठिवला की हालतो तो. कामाला लावला की गप ऱ्हातो.' मी म्हटलं, मावशी, आता कामाला कुठे लावू, पडून राहा. आणि मिळेल तेवढी रेघ घेतली. त्या रेघेत तिच्या मेंदूची लय मंद दिसत होती, मधूनमधून हाताची लाट मिसळलेली.

रक्ताचा नमुना मुंबईला पाठवावा लागला. ती तपासणी तेव्हा जालन्यात होत नव्हती. ड खूपच कमी निघालं. डॉक्टर खोलीभर फिरले. खूश होते, आणि खूश झाल्याबद्दल ओशाळलेही होते. कारण आता खरा प्रश्न त्यांना दिसायला लागला होता. ही बाई आजारी पडली म्हणून अंधारात गेली आणि ड कमी झालं, की ड कमी झालं म्हणून आजार बळावला? आधी काय? मला म्हणाले, मॅडम, या एका बाईत अख्खं कोडं आहे.

कौसाबाईला पुडी दाखवली. आठवड्याला एक, गुरुवारी, दुधात. तिने विचारलं की यात काय असतं. डॉक्टर म्हणाले, समजा, उन्हाची पुडी. ती हसली असावी. त्या गोठलेल्या चेहऱ्यावर कळायला वाव नव्हता, पण खांदे हलले. 'दारात फुकट पडू राह्यलंय ते दुधातून प्यायचं व्हय?' डॉक्टर म्हणाले, दोन्ही करा. रोज सकाळी अंगावर ऊन घ्या आणि ही पुडीही घ्या. कंपवाताची गोळी चालू आहे तशीच चालू ठेवा.

पुढच्या खेपेला तिला दोघांनी धरून आत आणलं. अंग लाकडासारखं. थरथर वाढलेली, पाऊल उचलत नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. पुडीने ही अवस्था झाली की काय? त्यांनी सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली आणि मंदाला विचारलं, कसं देता ते सांग. मंदा नीट सांगत गेली. सकाळी मोठा पेला म्हशीचं दूध तापवायचं, त्याबरोबर गोळी द्यायची. दुपारची गोळी दुधाबरोबर, संध्याकाळचीही. आधी गोळी पाण्याबरोबरच देत होतो, पण पुडी दुधात घ्यायला सांगितली, तेव्हा वाटलं की ही सगळीच औषधं गरम पडत असतील, दुधाशिवाय बाधतील.

गरम पडणं हे आमच्याकडचं मोठं शास्त्र. कुठलंही भारी औषध पोटात उष्णता करतं, म्हणून त्यामागून दूध. त्या माउलीला आपण काळजी घेतोय असंच वाटत होतं. पण दुधातला पौष्टिक भाग आणि कंपवाताची गोळी आतड्यातून एकाच दारातून आत शिरतात. दूध आधी घुसतं, गोळी दाराशी खोळंबते. म्हणजे पुडी पोहोचत होती आणि जी गोळी तिला चालवत होती तीच पोहोचत नव्हती. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले, मग हसायला लागले, मग एकदम थांबून मंदाला म्हणाले की चूक तुझी नाही, मी सांगायला हवं होतं. उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी, दूध नंतर तासाभराने. पुडी तेवढी दुधात.

तेव्हा कौसाबाईने जे विचारलं ते माझ्या डोक्यात अजून फिरतं. गोळी घेतल्यावर हात किती वेळाने सुटतो आणि किती वेळ टिकतो? डॉक्टरांनी अंदाजे सांगितलं. ती पुटपुटत राहिली. भागवतला वाटलं की ती बरळते आहे. मला ऐकू आलं, ती फुलाचा हिशोब करत होती. कपाशीचं फूल सकाळी ऊन चढायला लागलं की उमलतं. क्रॉसिंगची वेळ तीच, दुपारपर्यंत सगळं आटोपतं. ती गोळीची वेळ फुलाला बांधत होती.

पोळा झाला. दुसऱ्या रेघेचा गुरुवार आला आणि कौसाबाई आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. डॉक्टर सारखे दाराकडे बघत. गावात फोन एकाच दुकानात, तो कोणी उचलत नव्हतं. मला घरी चैन पडेना. दुधाचा घोटाळा पुन्हा झाला का, पडून हाड मोडलं का, की परत मधल्या खोलीत? शेवटी एका सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी जाफराबादची एसटी धरली. नवऱ्याने विचारलं, रोग्यांच्या घरी जायचं तुझं काम आहे का? नव्हतं. पायाला भिंगरी होती, एवढंच.

जाफराबादहून पुढे जीप. जीपवाल्याने माणसं कोंबली आणि बोनेटवर बसायचं तेवढं बाकी ठेवलं. घरी मंदाची लहान मुलगी म्हणाली, सगळे प्लॉटावर. आजी? आजीपण. मी बांधाबांधाने गेले. कपाशी कमरेएवढी, वर लाल टोप्याच टोप्या. आणि बांधावर एक मोटारसायकल, तिला टेकून उभा असलेला पांढऱ्या शर्टातला माणूस, शेजारी भागवत. भागवतचं तोंड पाहूनच कळलं की हा ऑर्गनायझर.

तो न कळवता आला होता. कौसाबाई ओळीत उभी होती, पदर कमरेला खोचलेला. पळून जायला किंवा लपायला जागाच नव्हती. तिचा डावा हात झाडाला धरून होता आणि उजवा हात अंगाजवळ लोंबत थरथरत होता, सगळ्यांना दिसेल असा. बाकीच्या बायांचे हात थांबले. भागवत काहीतरी बोलायला गेला, की आई अशीच सहज आलीये, तिने कशाला हात लावला नाही. कौसाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने टोपलीतलं नर फूल उचललं.

मी इतकी वर्षं कंपवाताचे रोगी पाहिले होते, पण सगळे आडवे पडलेले. हे मी कधी पाहिलं नव्हतं. हात फुलाकडे निघाला आणि वाटेतच शांत झाला. पुरता थांबला असं नाही म्हणणार, पण जेवढा लागतो तेवढा थांबला. लाल टोपी निघाली, फूल दांडीवर फिरलं, टोपी परत बसली. मग पुढची कळी. वेळ लागत होता. एखादी नवखी पोर तेवढ्यात तीन फुलं करील. पण दांडीला धक्का नाही. हात परत खाली आला की थरथर सुरू, आणि पुढच्या फुलाकडे गेला की पुन्हा शांत.

ऑर्गनायझर मोटारसायकल सोडून पुढे आला. मग ओळीत शिरला, तिने केलेलं एक फूल उघडून पाहिलं. 'मावशी, लई हळू चालू राह्यलंय तुमचं,' तो म्हणाला.

'हळू चालू राह्यलंय,' कौसाबाई म्हणाली, 'पण एक बी फूल वाया गेलं का सांग. दोन साल घरात बसले, तं माझ्यामागं प्लॉट निम्मा झाला. इचार भागवतला.'

भागवतने मान खाली घातली. ते खरं होतं. ती नसताना बायांवर देखरेख राहिली नव्हती, गेल्या हंगामात प्लॉटचा अर्धा भाग काढून घेतला होता. ज्या भीतीने तिला लपवलं, तेच लपवल्यामुळे झालं होतं. ऑर्गनायझरने मोटारसायकल वळवली. जाताना भागवतला म्हणाला की संध्याकाळचं कळ्या सोलायचं काम यांच्याकडे देऊ नको, सकाळचं चालू दे, आणि बायांवर नजर यांचीच ठेव. बस्स. ना दया दाखवली, ना कौतुक. मला त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले, पण मी कोण?

मग तिला बांधावर बसवून विचारलं. पुड्या? घेतल्या, सगळ्या. ऊन? आधी गच्चीवर चादरींच्या आडोशाने, मग एक दिवस तीच उतरून चालायला लागली. दूध? मंदा आता घड्याळ बघून देते. मग मावशी, दवाखान्यात का नाही आलात, डॉक्टर वाट बघतायत. ती म्हणाली, 'आडवं पडायला येऊ कव्हा माय? फुलं संपू दे, मंग येते.'

गुरुवारी मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते ऐकताना एकदाही खुर्चीतून उठले नाहीत. मग म्हणाले की आता आपलं कोडं कायमचं बिघडलं. पुडी, ऊन, दुधाआधीची गोळी, चालणं, चार बायांत वावरणं, कामावरचा हक्क परत मिळणं, सगळं एकदम झालं. यातलं कुणी काय केलं हे कोणाला सांगता येणार? बोलताना त्यांचा आवाज खट्टू होता, पण तोंडावर हसू मावत नव्हतं.

त्या कोड्याची टोचणी मला आजही आहे. पेपरात कधी येतं की ड जीवनसत्त्वाने कंपवातात फायदा होतो, कधी येतं की होत नाही. मी दोन्ही कात्रणं ठेवते आणि दोन्हींवर माझा पुरता विश्वास बसत नाही. गुरुवारचे डॉक्टर पुढे यायचे बंद झाले. कौसाबाई आणखी काही हंगाम प्लॉटवर होती, मग बांधावर बसून नुसतं तोंडाने बायांचं काम चालवायची, मग तेही संपलं. कंपवात मागे फिरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मला दर हंगामाला राग यायचा, आणि तो कोणावर काढायचा ते कळायचं नाही.

पण तिने शब्द पाळला होता. त्या वर्षी फुलं संपली, दिवाळी झाली, आणि एका गुरुवारी ती आली. डोक्याला तेल नाही. मंदाने शिकेकाईने धुऊन आणलं होतं. चेहरा रापलेला. रक्त आधीच जाफराबादहून मुंबईला पाठवलं होतं, त्यातलं ड भरून आलं होतं, तो कागद डॉक्टरांच्या खिशात होता. मी तारा लावल्या, ती आडवी झाली, तिने डोळे मिटले. आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, हलू नका.

हात थरथरायला लागला. पेना नाचायला लागल्या. मी उशी दिली, पांघरूण दिलं. तीच लाट, तीच मिसळ. मिळाली तेवढी रेघ घेतली. डॉक्टरांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी फरशीवर पसरले आणि गुडघ्यांवर रांगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. परत आले. एखाद्या ठिकाणी लय जरा सुधारल्यासारखी वाटायची, पुढच्या पानावर नाही वाटायची. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, दिसू दे, काहीतरी दिसू दे.

शेवटी ते फरशीवरच बसले. मला विचारलं, 'तुम्ही शेतात पाहिलंत. हात खरंच थांबला होता?'

'थांबला होता.'

'कधी?'

'काम करताना. रिकामा सोडला की परत सुरू.'

त्यांनी दोन्ही कागद जवळ ओढले. मग म्हणाले, 'म्हणजे मॅडम, आपण बाईला ज्यात बरं वाटतं ते बंद करायला लावून, मग बरं वाटतंय का ते बघत होतो.'

खोलीत नुसती पलंगाची बारीक थरथर ऐकू येत होती. कौसाबाई डोळे मिटून, डोक्याला सगळ्या तारा लावलेली, आम्ही सांगितलं होतं तशी सरळ पडून होती. आमचं बोलणं तिने सगळं ऐकलं होतं.

'मंग,' ती म्हणाली, 'आता उठू का?'

मी तारा काढायला घेतल्या.